अधिवास

चिमटीत धरावी एवढीही नाही.
हिरवी, पण पानाची हिरवी नव्हे,
गॅरेजसमोरच्या डबक्यात पेट्रोल सांडतं
आणि त्यावर ऊन पडतं, तशी.
पाय मात्र अंगाहून लांब,
दुसऱ्याच कुणाच्या मापाने शिवलेले.

शंभरकर सरांनी टेबलावर नकाशा पसरला,
कोपरे वळत होते म्हणून स्पिरिटच्या बाटल्या ठेवल्या.
भूमध्य समुद्र. बेटं, आणि बेटांवर ठिपके.
या बेटावर ओढ्यातल्या दगडांवर,
त्या बेटावर मिठागराच्या काठच्या चिखलात.
एका बेटावर ठिपकाच नाही,
खाली बारीक अक्षरात शेरा : शोधली, सापडली नाही.
सर म्हणाले, मला हा शेरा सगळ्यात आवडला.
सापडली नाही लिहायलाही तिथवर जावं लागतं.

मग आम्ही आपला नकाशा काढला.
समुद्र इथून कुठल्याही दिशेला
रात्रभराच्या गाडीवर.
पण सिमेंट रोड पसरलेत, आणि त्यांच्यात
अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा,
सोनेगाव, सक्करदरा.
माशीच्या बाजूने पाहिलं तर हीच बेटं,
आणि मधला समुद्र तापलेला.

इतवारीतून डझनाने घेतलेले पिवळे वाडगे,
त्यात पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब.
काठावर चौकीदार लांजेवार रोज म्हणायचा,
"मॅडम, माश्याच पायजे त कॉटन मार्केटात या ना,
किलोनं देतो."
आणि एका सकाळी, खरोखर वाईट वाटून,
"तुमची दोन नंबरची वाटी बकरी पेली बा."
वहीत मी लिहिलं : क्रमांक दोन, बकरी.

नाग नदीच्या पुलाखाली नाकाला पदर लावून उतरले.
इथे कोण राहणार, वाटलं होतं.
सात निघाल्या.
आणि एक तळं, नाव लिहीत नाही,
तिथे आता पोरं क्रिकेट खेळतात,
तिथे मी तीन दिवस वाडगे मांडले.
सरांचा आवडता शेरा
पहिल्यांदा माझ्या अक्षरात लिहिला.
मला नाही आवडला.

त्याच आठवड्यात प्रणयचा अधिवास दाखला.
सेतू केंद्रात तीन तास.
पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा आणा,
वीजबिल आणा, शाळेचा दाखला आणा,
या बिलावर सासऱ्यांचं नाव आहे, चालत नाही.
माझ्या पर्समध्ये लेबलांची चळत होती,
प्रत्येकावर काळ्या शाईने तोच शब्द,
अधिवास, पुढे दोन टिंबं, पुढे रिकामी जागा.
तिला विचारलं असतं तर काय दाखवलं असतं तिने?
ओल. दुसरा कागद नाही तिच्याकडे.

मे. शेहेचाळीस.
वाडगे अकरालाच कोरडे, तळाशी साबणाची पापडी.
नकाशावर एकेक ठिपका पुसत
मानेवाड्याला घरी आले, मागच्या दाराने.
कूलरची टाकी गळते आमची, दोन उन्हाळे झाले.
वाळ्याचा वास, खाली विटा,
विटांवर दीड वीत शेवाळ.
आणि शेवाळावर तो.
एक पंख अर्धा उघडून, पुढचा पाय वर धरून,
पायाच्या टोकाला काळं काहीतरी, झेंड्यासारखं,
तिच्यासमोर हलवत होता.
ती दुसरीकडे बघत होती.
तो सरकून पुन्हा समोर आला.
माझी चप्पल एका पायात, दुसरी हातात.

"आई, कूलर बंद करू का? खोलीत कुणी नाहीये."
नको, म्हटलं. असू दे.

जाळी दाराशीच होती. बाटलीही.
नमुना नाही तर नोंद नाही, सर म्हणतील. म्हणोत.
वहीत लिहिलं : मानेवाडा, घरामागे.
अधिवास : कूलरची गळती.
पाहिली. पकडली नाही.

रविवारी प्लंबर येणार होता.
त्याला फोन करून सांगितलं,
घाई नाही, पाऊस लागल्यावर ये.